उगवतीकडची शिट्टी

"थांबा! हलू नका कोणी! परत वाजलं!"

चैताली असं ओरडली आणि तेजल फांदीवरून खाली आली. उतरली नाही, पडली! पण ज्या झाडावरून पडली ते झाडच मुळी आडवं झोपलेलं. पडून पडून पडणार किती? कमरेइतक्या उंचीवरून! तरी तिने "आई गं!" असं काही ठोकून दिलं की पलीकडची म्हैस रवंथ विसरली.

"गप गं! ऐक!"

चौघंही गप्प झाले. चैताली, तिची धाकटी बहीण तेजल, त्यांचा मामेभाऊ अतुल आणि अतुलचा वर्गमित्र सार्थक. दुपारचं वारं सुटलं होतं, आणि वस्तीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका नव्याकोऱ्या घरातून बारीक, लांबलचक आवाज येत होता.

श्शूऽऽऽईऽऽ!

"कुकर," तेजल गुडघा चोळत म्हणाली.

"रिकाम्या घरात कुकर कुणी लावला? तुझ्या आज्यानं?" अतुल म्हणाला.

"माझा आजा तोच तुझा आजा!"

सार्थक मात्र हसला नाही. त्या घराकडे बघत तो हळूच म्हणाला, "ते आमचं घर हाय."

आता हे सगळं काय आहे ते सांगितलं पाहिजे. चैताली आणि तेजल राहतात कुसगावला. मे महिना लागला की लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि बाबांच्या चिक्कीच्या दुकानातून आईलाही मान वर करायला सवड मिळत नाही. म्हणून दरवर्षी या दोघींची रवानगी मामाकडे होते. कामशेतवरून जीप धरायची, पवनानगरला उतरायचं आणि पुढे चालत टेकाडवस्ती. दोघींना रवानगीचं मुळीच वाईट वाटत नाही, हे वेगळं सांगायला नको!

वस्तीवर त्यांचा अड्डा म्हणजे हे आडवं जांभूळ. टाळेबंदीच्या वर्षी निसर्ग वादळ आलं, त्या दिवशी ते कोसळलं. पण अर्धी मुळं जमिनीत राहिली आणि झाड हट्टी निघालं. पडल्या पडल्या जगलं, वाढलं, फळायलाही लागलं. खोडावरून चालत शेंड्याकडे गेलं आणि फांदीवर पाय सोडून बसलं की समोर धरणाचं पाणी आणि पाण्यापलीकडे तुंगचा सुळका. अशी बैठक लोणावळ्यातल्या कुठल्या हॉटेलात मिळणार नाही.

त्याच वादळात सार्थकच्या आजोबांच्या, म्हणजे भिमाजीआबांच्या घरावरचे पत्रे उडाले. वस्तीतल्या आणखी चार घरांचीही तीच गत झाली. बाकीच्यांची थोडीफार पडझड झाली, ती त्यांनी हळूहळू सावरली, या पाच जणांना जमलं नाही. आता पुण्यातल्या एका संस्थेने त्यांच्यासाठी वादळात टिकतील अशी घरं बांधायला घेतली होती. नकाशे संस्थेच्या राजेश्वरीताईंचे आणि काम सुहासमामाचं. अतुलचे वडील, म्हणजे त्याचे आप्पा, ते हेच. पहिलं घर आबांचं, बुद्धपौर्णिमेला त्यात राहायला जायचं ठरलेलं. पौर्णिमा अगदी तोंडावर आली होती.

आणि घर शिट्टी मारत होतं!

"आबांना ठाऊक आहे?" चैतालीने विचारलं.

"त्यांनीच तर पयल्यांदा ऐकली," सार्थक म्हणाला. "चला, दाखवतो."

आबांची शेड म्हणजे चार बाजूंना जुने पत्रे आणि वर ताडपत्री घातलेला एक पत्रा. मुलं आत शिरली तेव्हा आबा जात्यावर बसले होते. दळायला नव्हे, जात्यावरच! जात्याच्या दोन्ही तळ्यांना, म्हणजे दगडांना, जाडजूड दोर आवळलेला, त्याचं दुसरं टोक वर छपराच्या बांबूला, आणि आबा वरच्या तळीवर मांडी घालून.

"हे काय करताय आबा?" तेजलने विचारलंच. तिच्या पोटात काही राहत नाही.

"वारं सुटलंय न्हवं," आबा म्हणाले. जणू वारं सुटलं की जगभर सगळे जात्यावरच बसतात.

चुलीपुढून सार्थकची आजी सरूबाई म्हणाली, "वादळ झाल्यापास्नं ह्येच चाललंय बग. जरा पान हाललं की ह्ये जात्यावर. रातचं वारं असलं तर रातभर. ना डोळ्याला डोळा, ना माझ्या जात्याला दाणा. पीठ गिरणीतनं आणायचं आन जात्यानं छप्पर धरून बसायचं!"

आबा रागावले नाहीत. पायाच्या नडगीवरून हात फिरवत राहिले. तिथे कोपरापासून मनगटापर्यंत भरेल इतका लांब व्रण होता.

"पोरांनो, त्या दिशी बी आधी शिट्टीच वाजली," ते म्हणाले. "मी मेढीच्या खांबाला मिठी मारून डोळं मिटून बसलेलो. शिट्टी वाजली, मग धाडदिशी आवाज झाला आन डोळं उघडतो तर वर आभाळ! एक पत्रा पायावरनं गेला. हा सार्थक तवा पयलीत होता, आजीच्या पदराखाली. त्यो पत्रा वीतभर तिकडनं गेला असता तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "तीच शिट्टी नव्या घरात वाजतीया. मी काय त्या घरात जायचा न्हाई. ज्याला पायजे त्याला द्या."

"बघा! अशी पावसाळ्याच्या तोंडाशी शेडमंदी ऱ्हायची हौस!" सरूबाईने चुलीत लाकूड सरकवलं, पण तिचे डोळे भरून आले होते. धुरानं नव्हे.

बाहेर आल्यावर सार्थकने पायाने एक दगड उडवला. मग एकदम म्हणाला, "शेजारची भागुबाई म्हणती घरात हडळ हाय. सुहासकाका म्हणतो, आबाच्या कानातच शिट्टी वाजतीया. सगळी हसत्यात. पण आबा न्हाई गेलं तर आजी बी न्हाई जायची. आन ह्या पावसात ती शेड टिकायची न्हाई."

चैतालीने कमरेला ओढणी बांधली. तिने ओढणी बांधली की समजायचं, आता कोणाची तरी खैर नाही.

"हडळ असेल तर तिला वारं नसतानाही शिट्टी मारता यायला हवी," ती म्हणाली. "शोधून काढू. कधी वाजते, कुठून वाजते आणि का वाजते!"

पुढचा अख्खा दिवस चौघांनी नव्या घरासमोर तळ ठोकला. निळी दारं, पांढऱ्या भिंती, दोन्हीकडे उतरतं पत्र्याचं छप्पर. दार तिकोना गडाकडे, म्हणजे उगवतीला. पाठ तुंगकडे, मावळतीला. मावळात घर असंच बांधतात. पावसाची झड कोकणाकडून येते, तेव्हा घराने तिच्याकडे पाठ करून बसायचं!

वारं कुठून येतंय ते कळावं म्हणून तेजलच्या केसांची लाल रिबीन काठीला बांधली. तिने आधी खूप आरडाओरडा केला, मग स्वतःच काठी धरून बसली. सकाळी रिबीन तिकोन्याकडे फडफडत होती, म्हणजे वारं कोकणाकडचं. चांगलं जोराचं होतं. घर मुकाट!

"हडळ झोपली असेल," अतुल म्हणाला.

जेवणं झाली. ऊन कलायच्या आत हवा एकदम पडली, आणि मग रिबीन उलटी फिरली. वारं आता तिकोन्याकडून येत होतं. एक झुळूक, दुसरी झुळूक, आणि...

श्शूऽऽऽईऽऽ!

"उगवतीकडनं!" सार्थक ओरडला. "उगवतीचं वारं असलं तरच वाजतंय!"

आवाज दाराच्या वरून येत होता. पडवीच्या वर, जिथे पत्र्याची वळचण संपते, तिथे एक निळी रंगवलेली फळी ठोकून सगळं छान झाकून टाकलं होतं. फळी आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर फट होती.

"शिडी आण अतुल."

"शिडीला हात लावायचा न्हाई म्हणून आप्पांनी बजावलंय. नवा रंग हाय. रंगाला ओरखडा गेला तर माझी सालटी काढतील."

चौघं वर बघत बसले. आता? तेवढ्यात तेजलची नजर मामाच्या अंगणातल्या आंब्याकडे गेली आणि ती टुणकन उठली.

"झेला!"

आंबे उतरवायचा झेला! लांब बांबूच्या टोकाला जाळी. चैतालीने आईचा जुना फोन त्या जाळीत नीट बसवला, दोऱ्याने आवळला, बॅटरीचा उजेड लावला आणि चित्रण सुरू केलं. अतुलने झेला उचलला.

"हळू! फोन पडला तर आई माझं लोणचं घालेल!"

"कैरीपरीस तूच जास्त आंबट हाईस, बरं लागंल!"

झेला फटीशी गेला, फोनचा डोळा फटीला टेकला, मग फळीच्या कडेकडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मागच्या बाजूला, मावळतीकडे, तसंच. तिथे फळी नव्हतीच. खाली आल्यावर चौघांची डोकी फोनवर आपटली.

मागच्या बाजूचं चित्र झकास होतं. भिंतीच्या डोक्यावरच्या सिमेंटच्या पट्ट्यातून लोखंडी पट्ट्या वर आलेल्या, छपराच्या पाइपाला वळसा घालून बोल्टने आवळलेल्या. या पट्ट्यांना राजेश्वरीताई 'मिठी' म्हणायच्या, हे सार्थकला ठाऊक होतं. पायाभरणीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, "वादळ छपराला दाबत नाही, उचलतं. म्हणून भिंतीने छपराला घट्ट मिठी मारली पाहिजे." मागे तर एकेका जागी दोन दोन पट्ट्या!

आणि पुढच्या बाजूला, निळ्या फळीच्या आड, तार होती. नुसती बारीक बांधायची तार. वारं आलं की पत्रा तारेवर थरथरायचा, फट उघडायची आणि शिट्टी वाजायची.

"मागून डबल मिठी आणि पुढून टाटा!" तेजल म्हणाली.

कोणी हसलं नाही. सार्थकने अतुलकडे बघितलं आणि मान खाली घातली. अतुलचा चेहरा उतरला होता. घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं होतं.

"ताईंना फोन लावू या," चैताली हळू आवाजात म्हणाली.

"आधी मी आप्पांशी बोलतो," अतुल म्हणाला. "माझे आप्पा चोर न्हाईत."

सुहासमामा चोर नव्हताच. तेच तर अवघड होतं! अतुलने विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही, उलट छाती पुढे काढून सांगितलं.

"व्हय, हलवल्या पट्ट्या! उगवतीच्या समद्या उचलल्या आन मावळतीला डबल मारल्या. अरं, एक पट्टी बी घरी न्हाई नेली! वारं कोकणातनं येतं, शेंबड्या पोराला ठावं हाय. वादळ बी कोकणातनंच आलं. मग जिकडनं मार बसतो तिकडं ढाल धरायची का उलट्या बाजूला? माझ्या गोठ्याला बी तसंच केलंय."

"पण आप्पा, ताईंच्या नकाशात..."

"नकाशा पुण्यात काढला, वारं हितं वाहतं! ताईंना मागच्या बाजूचं फोटो धाडलं, त्या खूश हायत. आन ती शिट्टी? फटीत सिमेंट भरलं की बंद! आता तोंड उघडलंस तर बघ."

म्हणजे शिट्टी बुजवली जाणार होती. पत्रा तसाच तारेवर राहणार होता. अतुल त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळावर येऊन मुकाट्याने शेंड्याला बसला.

"मामाचं चुकतंय कुठे, तेच कळत नाही," चैताली म्हणाली. "वादळ कोकणातूनच आलं, हे खरंच आहे की!"

"ए अतुल, सरक ना!" तेजल खोडावरून चालत आली. "सारखा तूच तुंग बघत बसतोस. मला बघू दे तुंग!"

अतुल सरकला. आणि सरकता सरकता थबकला. त्याने समोर बघितलं. तुंग. मग मागे वळून मुळांकडे बघितलं. मुळांमागे तिकोना.

"सार्थक," तो पुटपुटला, "ह्ये झाड वादळात पडलं ना रं?"

"व्हय की. आमचं पत्रं उडालं त्याच टायमाला."

"मग ह्याचा शेंडा कोकणाकडं कसा?"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. आणि मग चौघांना एकदमच कळलं! चैतालीने तर तेजलला अशी मिठी मारली की ती पुन्हा झाडावरून पडली.

चैतालीने फोन केल्यावर दुपारी राजेश्वरीताई आल्या. चैतालीने त्यांना चित्रण दाखवलं. ताईंच्या कपाळावर आठी चढली.

"सुहासभाऊ, हे काय? चारी बाजूंना पट्ट्या हव्यात. फळी काढा, काम परत करा."

पण मामा ऐकतोय होय! वस्तीतली दहा-वीस माणसं गोळा झाली होती, त्यांच्याकडे वळून त्याने आवाज चढवला. "तुमीच सांगा, वारं कुटनं येतं?"

"कोकणातनं!" सगळे एका सुरात म्हणाले.

"वळीव येतो ना उगवतीकडून," ताई म्हणाल्या.

"त्यो घटकाभराचा पावणा! त्याला कोण भितंय? आता फळी काढा, रंग उकरा, मग पौर्णिमा हुकली, पुढच्या चार घरांचं बी लांबलं. पाऊस काय थांबणार हाय का?"

माणसांनी माना डोलावल्या. ज्यांना घरं मिळायची होती तेच मामाच्या बाजूचे! ताई एकट्या पडल्या. आबा लांब उभे होते, त्यांच्याकडे बघून कोणीतरी तोंडाने बारीक शिट्टी वाजवली आणि हशा पिकला. सार्थकच्या मुठी वळल्या.

तेवढ्यात तेजल मामाच्या शर्टाला लोंबकळली. ठरलंच होतं तसं. तिचं कोडं मामा कधी टाळत नाही.

"मामा, एक कोडं! सोपं आहे. वाऱ्याने झाड पाडलं, तर झाड कुठे पडेल? वारा येतो त्या बाजूला, की जातो त्या बाजूला?"

"आत्ता गं बया! ह्ये काय कोडं झालं? जातो त्या बाजूला! तुला पाठीतनं ढकललं तर तू तोंडावर पडशील का पाठीवर?"

"नक्की?"

"नक्की म्हंजे? पैज लाव!"

"हरलास तर आम्ही सांगू ते करायचं. सगळ्यांसमोर!"

"लाव! मावळातला गडी हाय मी, वाऱ्यावर काय हरतोय!"

"मग चल जांभळाकडे!"

मामा हसत हसत निघाला आणि त्याच्या मागे सगळी वरात. जांभळाशी आल्यावर चैताली म्हणाली, "मामा, शेंड्यावर बस ना. समोर काय दिसतं?"

"समोर? पाणी. आन तुंग."

"आणि मुळं कुठे आहेत?"

"मुळं मागं. तिकोन्याच्या..."

मामाचं वाक्य तिथंच अडकलं. तो तुंगकडे बघत राहिला. माणसांतलं हसू हळूहळू विरलं. आता बोलायचं होतं अतुलला. तो मुळांजवळ जाऊन उभा राहिला.

"आप्पा, वारं कोकणातनं आलं असतं तर शेंडा तिकोन्याकडं पायजे होता. ह्या झाडाला तिकोन्याकडनं ढकललंय. आन आबाचं पत्रं त्याच टायमाला उडालं. मग ते कुटल्या बाजूनं उचललं?"

मग मागून आबांचा आवाज आला.

"दाराकडनं," ते म्हणाले. आपलंच जुनं काहीतरी आत्ता सापडल्यासारखे ते जपून बोलत होते. "शिट्टी दाराकडनं आलती. डोळं मिटल्यालं, पर कान उघडं व्हतं. दाराकडनंच."

"आमची सागाची झाडं बी तशीच पडलीवती," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "शेंडं समदं कोकणाकडं. आमी तोडून नेली, पर हा इचार न्हाई केला."

"पण वादळ तर कोकणातनं आलं!" मामा अजून झाडावरून उतरला नव्हता.

"वादळ कोकणातूनच आलं," ताई म्हणाल्या. "पण ते सरळ पळत येत नाही भाऊ, गरगर फिरत येतं. सरूआजी, जातं फिरताना पीठ एकाच बाजूने पडतं का?"

"एका बाजूनं कसं पडंल? चौफेर पडतं!"

"तसंच वादळाचं वारं. येताना ते तुमच्या दाराकडून झोडपतं आणि पुढे सरकलं की पाठीकडून. उचलायला त्याला एक सैल बाजू पुरते. आणि भाऊ, चूक माझीही आहे. मागच्या बाजूचे फोटो बघितले आणि पुढची बाजू बघायला मी स्वतः वर चढले नाही. चढायला हवं होतं."

मामा खाली उतरला. त्याने टोपी काढली, झटकली आणि हातातच धरली.

"आमी मावळची माणसं," तो म्हणाला. "बापजाद्यापास्नं मावळतीकडंच बघत आलो. उगवतीकडं कुणी बघितलंच न्हाई." मग तो आबांच्या समोर जाऊन उभा राहिला. "आबा, शिट्टी तुमच्या कानात न्हवती, माझ्या डोक्यात व्हती. माफी करा."

"माफी ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "फळी काढ."

पैज हरलेल्या मामाने पोरांनी सांगितलं ते केलं, आणि ज्या हिरिरीने चूक केली होती त्याच हिरिरीने ती दुरुस्तही केली! फळी निघाली, सिमेंटच्या पट्ट्यात ड्रिल फिरलं, लांब बोल्ट ठोकले गेले. राजेश्वरीताई स्वतः शिडीवर चढून प्रत्येक बोल्ट हाताने ओढून बघत होत्या. मग उरलेल्या चार घरांचा नंबर लागला. मामाला अंघोळीलाही सवड नव्हती, तिथे स्वतःच्या गोठ्याची आठवण कुठली?

पौर्णिमा आली. नव्या घरात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, मेणबत्त्या पेटल्या, सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. आबा आले, पण एका अटीवर. जातं बरोबर! चार गड्यांनी ते उचलून आणलं आणि आबांनी दोर कुठे बांधता येईल ते बघायला वर मान केली. ताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सरूबाईने त्यांचा हात दाबला.

"ऱ्हाऊ द्या. त्यांचं त्यांना कळू द्या," ती कुजबुजली.

खिरीसाठी दूध उकळत होतं, तेवढ्यात बाहेर ऊन एकदम पिवळं झालं. तिकोन्याच्या मागून काळंभोर आभाळ उठलं. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली.

"वळीव!" सार्थक ओरडला. "उगवतीचं वारं!"

दारं आपटली. धुळीचा लोट आला, धरणाकाठच्या पर्यटकांच्या तंबूंपैकी दोन तंबू टुणटुण उड्या मारत पाण्यात गेले. बाहेरची माणसं धावत आत शिरली आणि दार लावून घेतलं. आबा कधीच जात्यावर जाऊन बसले होते, दोर मुठीत आवळून, डोळे मिटून. सार्थक त्यांना चिकटून बसला. चौघांनीही श्वास धरला. वाजणार? शिट्टी वाजणार?

वाऱ्याने दाराकडच्या वळचणीला धडक मारली. पुन्हा मारली. पत्र्यावर गारा तडतडल्या.

शिट्टी वाजली नाही.

वाजलं ते बाहेर! धाड धाड धाड! मामाने खिडकीतून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याच्याच गोठ्याचे उगवतीकडचे पत्रे एकेक करून उभे राहिले आणि पत्त्यांसारखे उडून शेतात गेले.

"म्हस!" मामा दाराकडे धावला.

"म्हस परसात हाय आप्पा! आज धुवायला सोडलीवती!" अतुलने त्याला कमरेला धरलं.

आबांनी डोळे उघडले. त्यांनी आधी वर बघितलं. छप्पर जागच्या जागी होतं. मग त्यांनी मामाकडे बघितलं. गोठा गेलेला, तोंड पांढरंफटक पडलेलं.

"हितं ये सुहास," आबा म्हणाले. "बस. हितलं काय उडत न्हाई. तूच बांधलंयस."

मामा त्यांच्याशेजारी बसला आणि लहान पोरासारखा हुंदका देऊन रडला.

वारं अजून घोंगावतच होतं. सरूबाई जात्यासमोर येऊन उभी राहिली. "उठा आता. खिरीला तांदूळ भरडायचं हायत. का वादळालाच खीर वाढायचीया?"

आबा उठले. स्वतःच्या हाताने ते जात्याच्या दोराची गाठ सोडवू लागले. इतकी जुनी गाठ, सुटता सुटेना. शेवटी सार्थकने दात लावले, तेव्हा सुटली. सरूबाईने मूठभर तांदूळ वैरले, खुंटा धरला आणि बाहेर वादळ चालू असताना घरात जातं घरघरू लागलं.

वळीव ओसरायला लागला तेव्हा राजेश्वरीताईंनी चौघांना पुढे बोलावलं. "माझ्या हाताखाली पुष्कळ माणसं काम करतात," त्या म्हणाल्या, "पण आजपासून ताबा द्यायच्या आधी घराची शेवटची तपासणी मी या चौघांसारखी करीन. वाऱ्याच्या चारी दिशांनी. आणि झेला घेऊन!"

"आन माझ्या गोठ्याचं काम बी ह्यांच्याच देखरेखीखाली," मामा डोळे पुसत म्हणाला. अतुलच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. "पोरगं चारचौघांत बापाला चूक म्हणालं. लय जड गेलं असंल त्याला. पर म्हणालं. मला त्याचा अभिमान वाटतो." अतुलने मान फिरवली, कारण त्याचं नाक लाल झालं होतं आणि ते तेजलला दिसू द्यायचं नव्हतं.

खिरीच्या वाट्या भरल्या. बाहेर वाऱ्याचा आणखी एक झोत आला, आणि त्यासरशी घरातून पुन्हा तो आवाज आला. बारीक, लांबलचक.

श्शूऽऽऽईऽऽ!

वाट्या जागच्या जागी थांबल्या. तेजलने चैतालीचा हात घट्ट धरला.

"ताई! घर परत वाजतंय!"

चैताली आणि सार्थक दबकत दबकत कोपऱ्यात गेले. आणि सार्थक तोंडावर हात दाबून, खांदे गदगदवत परत आला. हसत होता की रडत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

कोपऱ्यात, उगवतीकडच्या भिंतीला पाठ लावून, भर वाऱ्यात भिमाजीआबा गाढ झोपले होते. आणि नाकाने शिट्टी वाजवत होते.

"खिरीची वाटी झाकून ठिवा," सरूबाई हळूच म्हणाली. "कुणी उठवू नका त्यांना."